दिवस मावळायच्या आत

मगदूम आण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विजेच्या खांबावर बसून भाकरी खात होते.

वीज कंपनीच्या आमच्या उपविभाग कार्यालयात मी तेव्हा नुकतीच बदलून आले होते. पगार, भत्ते, वेतनवाढी, रजा असलं सगळं माझ्या टेबलावर. आमचे शाखा अभियंता शिंदे साहेब जीप घेऊन कोडोलीकडे निघाले होते. मलाही त्याच बाजूला एका निवृत्त माणसाच्या घरी फंडाच्या कागदांवर सही आणायला जायचं होतं, म्हणून मागच्या सीटवर बसले होते. वाटेत उसाच्या फडाला लागून बरीच माणसं माना वर करून उभी दिसली. खांब आणि त्याखाली वर बघणारी माणसं असं एकत्र दिसलं की आमच्या खात्यातल्या माणसाला आधी अपघातच आठवतो. जीप थांबायच्या आत साहेबांनी दार उघडलं.

वर आडव्या लोखंडावर पन्नाशी गाठलेला एक माणूस बसला होता. कमरेचा झुला, म्हणजे खांबाला बांधून घ्यायचा पट्टा, नीट आवळलेला. मांडीवर धुतलेलं पांढरं फडकं, त्यावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खालचा सहकारी दोरीला तांब्या बांधून वर पाठवत होता. लाइन बंद होती, तारांना अर्थिंगची साखळी लावलेली होती, काम करायचं सबस्टेशनचं परमिट घेतलेलं होतं. सगळं नियमाप्रमाणे होतं. फक्त खांबावर पंगत मांडायची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

साहेबांनी खालून विचारलं की हे काय चाललंय. वरून शांत उत्तर आलं की जेवण चाललंय. उतरून जेवायला काय झालं, असं साहेब ओरडले, तेव्हा आण्णांनी भाकरीच्या हातानंच पश्चिमेकडे दाखवलं.

"उतरून, जेवून परत चढस्तवर दिवस मावळतोय, साहेब. मग जेवता बी येत न्हाय आन् काम बी दिसत न्हाय."

आण्णा जैन. कोडोलीच्या शेतकरी घरातले. दिवस मावळला की अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. जैन घरात हे काही नवलाचं नाही, पण वायरमनच्या नोकरीत हा नेम पाळणं म्हणजे पोहायच्या तलावात कोरडं राहण्यासारखी गत. तार तुटते ती संध्याकाळी, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो तोही संध्याकाळी, आणि लोकांचे फोन येतात ते टीव्ही बंद पडल्यावर. साहेबांनी त्यांना खुलासा मागणारं पत्र दिलं. आण्णांनी उत्तरात एवढंच लिहिलं की भूक लागली होती आणि सूर्य चालला होता, पुन्हा असं होणार नाही. आणि खरोखरच ते पुन्हा कधी खांबावर जेवले नाहीत. नियम म्हटला की नियम, मग तो बस्तीतला, म्हणजे जैन मंदिरातला, असो नाहीतर बोर्डाचा.

बोर्ड हा त्यांचा शब्द. कंपनी होऊन जमाना झाला तरी आमच्याकडे सगळे बोर्डच म्हणतात. पदांचंही तसंच. कागदोपत्री आण्णा वरिष्ठ तंत्रज्ञ होते, पण सगळ्या पंचक्रोशीला ते वायरमन. पहिल्या पगाराला त्यांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून विचारलं की आक्का, ह्या नव्या वेतनश्रेणीत माझं नेमकं काय झालं ते समजावून सांगा. मी मोठ्या उत्साहानं मूळ वेतन, महागाई भत्ता, टप्पे, वेतननिश्चिती असं सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे शिडीचीच गोष्ट की. पर आमच्या शिडीवर चढलं की गाव तरी दिसतंय." मी हसले, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

माणूस उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलायला मात्र कोल्हापूरचा असूनही हळू. हे मला फार दिवस खटकायचं. आमच्याकडं माणसं रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला 'जेवलासा काय' विचारतात तेही भांडल्यासारखं. आण्णा जवळ येऊन बोलायचे. सरदार मुल्लाणी, म्हणजे त्यांना खालून तांब्या पाठवणारा तोच सहकारी, सांगायचा की खांबावर आयुष्य गेलेल्या माणसाला दोनच आवाज येतात, एक लाइन चालू असल्याचा गुणगुणाट आणि दुसरा बायकोचा. दोन्हींपुढे ओरडून उपयोग नसतो.

खांबावर चढायच्या आधी आण्णा वहाणा काढून बाजूला ठेवायचे, बूट घालायचे, खांबाला हात लावायचे आणि पुटपुटायचे. काय पुटपुटता, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं णमोकार मंत्र असेल. तो घरातून निघताना झालेला असतो, म्हणाले. खांबापाशी ते नुसतं 'चढू का' असं विचारायचे. ज्या दिवशी मन 'नगं' म्हणेल त्या दिवशी परमिट, अर्थिंग, झुला सगळं पुन्हा तपासायचे. नव्या माणसांना त्यांचा एकच धडा होता: "तार वेतनश्रेणी बघत न्हाय." साहेब असो, कायम असो, कंत्राटी असो, तिच्या लेखी सगळे सारखे.

पण आण्णांचं खरं रूप दिसायचं ते भत्त्यांच्या बाबतीत. आमच्या पगारपत्रकात जुने भत्ते आजीच्या गोधडीतल्या ठिगळांसारखे शिल्लक आहेत. सायकल भत्ता आहे, आणि सायकल कुणाकडेच नाही. सगळे मोटारसायकलवर फिरतात आणि सायकल भत्ता घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आण्णांना वाटायचं. त्यांनी एक जुनी सायकल तेल पाजून ठेवली होती आणि आठवड्यातून एकदा तरी ते सायकलवरून लाइन बघायला निघायचे. मोटारसायकल दारात उभी. लोक विचारायचे, आण्णा, गाडी बिघडली का. ते म्हणायचे, गाडी चांगली हाय, भत्ता सायकलचा हाय. धुलाई भत्ता मिळतो म्हणून गणवेश कडक धुतलेला, तोही स्वतः विहिरीवर. पद्माक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, धुतला तर भत्ता तिला द्यावा लागेल, असा त्यांचा हिशेब. पद्माक्का म्हणायच्या की मग स्वयंपाकाचा भत्ता कोण देणार तेही बोर्डाला विचारून या.

आता एवढा सरळ माणूस जेवण भत्त्याचं काय करणार ते सांगायलाच नको. वेळ संपल्यावरही बिघाडाच्या कामावर थांबावं लागलं तर आमच्याकडे जेवण भत्ता मिळतो. सगळे त्यासाठी सही करायचे. आण्णांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कधी केली नाही. रात्री जेवतच नाही तर जेवणाचे पैसे कसे घ्यायचे? माझ्या आधीच्या कारकुनांनी त्यांना समजावून पाहिलं होतं, मीही पाहिलं. ऐकेनात. शेवटी आम्ही सगळ्यांनीच ते कौतुकात घालवलं. आण्णांचा तो एक गुण, असं म्हणून सोडून दिलं.

एका पावसाळ्यात राधानगरीकडे वादळानं खांब आडवे केले तेव्हा आमच्या शाखेतली गँग मदतीला पाठवली होती. मी गेले नव्हते, पण सरदारनं ती गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की आता मलाच भिजल्यासारखं वाटतं. तेव्हा रमजान चालू होता. सरदारचा रोजा. म्हणजे हा दिवसभर जेवायचा नाही आणि आण्णा रात्री जेवायचे नाहीत. बाकीच्यांनी डोक्याला हात लावला की ही जोडी खांबावर कशी टिकणार. पण त्या दोघांनी आपली एक रीत बसवली होती. लाइन बंद केली की स्विचपाशी एक माणूस उभा लागतो, कुणी चुकून चालू करू नये म्हणून. सूर्य टेकायला आला की सरदार स्विचपाशी उभा राहायचा आणि आण्णा घाईनं डबा खायचे. सूर्य गेला की आण्णा हात धुऊन स्विचपाशी यायचे आणि सरदार खजुरानं रोजा सोडायचा. एकाचा शेवटचा घास आणि दुसऱ्याचा पहिला, यांच्यामध्ये फक्त सूर्य. आण्णा म्हणायचे, "सरदारचं सुटलं, माझं मिटलं." गावातल्या बायका गरम भात आणि झुणका घेऊन यायच्या. बाकी गँग जेवायची, आणि आण्णा पावसात स्विचपाशी उभे. आपल्यामुळं बाकीच्यांना निवांत जेवता येतं याचा त्यांना मनातून आनंद व्हायचा. आण्णा उपाशी राहण्यात इतके तरबेज होते की त्यांना भूक लागत असेल हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो.

आणि हेच अंगाशी आलं.

एका वर्षी विभागीय कार्यालयाकडून लेखा तपासणी आली. तपासनीस साहेब माणूस वाईट नव्हता. पाणी मागताना 'ताई' म्हणायचा, चहाचा कप स्वतः उचलून ठेवायचा. पण त्याचं काम खर्च कुठे कमी होतो ते शोधायचं, आणि त्याला आण्णा सापडले. त्यानं शेरा मारला की याच गँगमधला एक वरिष्ठ कर्मचारी वर्षानुवर्षं जादा वेळ थांबूनही जेवण भत्ता घेत नाही, त्याच्या कामात काही खोट नाही, उलट त्याचं काम सगळ्यात चांगलं आहे. मग या शाखेत जेवण भत्त्याची गरज आहे का, याचा खुलासा व्हावा, आणि तोवर भत्ता थांबवावा. मी तो शेरा दोनदा वाचला. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर खोडता येत नव्हतं.

कायम कामगारांचा भत्ता थांबला तेव्हा नुसती कुरकुर झाली. खरा फटका बसला तो कंत्राटी माणसांना. त्यांना भत्ता-बित्ता काही नसतो. वेतनश्रेणी नाही, टप्पा नाही, पगारवाढ म्हणजे ठेकेदाराची मर्जी. पण कायमच्या माणसांना जेवण मिळतं म्हटल्यावर ठेकेदारालाही लाजेकाजेस्तव त्यांच्यासाठी जेवण आणावं लागायचं. आता त्यानं हात वर केले. कायमवाल्यांचंच बंद झालंय, तुमचं कुठून आणू, म्हणाला. तेच खांब, त्याच तारा, आणि ही माणसं सकाळी घरून निघालेली संध्याकाळी रिकाम्या पोटी वर चढायला लागली.

गँग आण्णांवर चिडली. सरदार तर बोलेनासा झाला. कामावर असताना कामापुरतं बोलायचा, 'अर्थिंग झालं', 'उतरा', एवढंच. ज्या दोघांनी सूर्य वाटून घेतला होता ते चहाच्या टपरीवर दोन टोकांना बसलेले बघवत नव्हते. माझाही पारा चढला. मी आण्णांना बोलावून स्पष्ट सांगितलं की तुम्ही आता एका जेवणाच्या भत्त्यावर सही करा, खुलाशाला तेवढं पुरेसं आहे, विषय संपतो. त्यांनी मान हलवली. न जेवता जेवलो म्हणून सही करणं म्हणजे खोटं बोलणं. इतकी वर्षं जे केलं नाही ते आता भीतीनं करायचं का? मी म्हटलं, भीतीनं नको, माणसांसाठी करा. ते सायकलवर बसून निघून गेले. तो सायकलचा दिवस होता वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुकारामची गोष्ट घडली. तुकाराम आमच्याकडचा जुना कंत्राटी कामगार, घरी दोन मुली शाळेत, आणि हाताला इतका चांगला की आण्णा त्याच्याशिवाय जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधायला जायचे नाहीत. सकाळपासून काम चालू होतं. दिवस कलताना आण्णांनी आपला डबा उघडला, त्यातली भाकरी तुकारामला देऊ केली. तुकाराम लाजला, एवढा खांब उरकून घरीच जातो म्हणाला आणि वर चढला. वर पोचल्यावर त्याला भोवळ आली. हात सुटले. झुला बांधलेला होता म्हणून तो खांबाला लोंबकळत राहिला, डोकं एका बाजूला, पक्कड खाली पडलेली. आण्णांनी डबा तिथंच टाकला आणि वर गेले. सरदारनं दुसऱ्या बाजूनं शिडी लावली. दोघांनी मिळून त्याला खाली आणला. न बोलता, पण एकमेकांचे हात ओळखून. खाली आल्यावर तुकारामला गूळ-पाणी दिलं, तेव्हा तो डोळे उघडून म्हणाला की काय झालं न्हाय आण्णा, जरा पोटात काय न्हवतं.

पद्माक्कांनी मला दुसऱ्या दिवशी फोन करून बोलावून घेतलं. आण्णा जेवत नव्हते. दिवसाही नाही. मी गेले तर ते सोप्यात गुपचूप बसलेले. मी परत तोच सहीचा विषय काढला आणि परत तीच मान हलली. तेव्हा आतून पद्माक्का बाहेर आल्या. हातात काविलता, म्हणजे भाकरी उलटायचं उलथनं, होता. मला वाटलं आता माझीच खैर नाही.

"पर्युषणात मी कितीदा उपास धरलाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या दिवशी पोरास्नी कवा उपाशी ठेवलंय का मी? उपास माझा हुता. चूल तर घरची हुती की."

एवढं बोलून त्या आत गेल्या. आण्णा उठले, हातपाय धुतले, आणि पद्माक्कांना म्हणाले की वाढ. जेवताना त्यांनी मला एकच विचारलं, तपासनीस साहेबांना भेटायचं असेल तर कुठल्या गाडीनं जावं लागतंय.

विभागीय कार्यालयात सुनावणी ठेवली होती. कार्यकारी अभियंता, तपासनीस साहेब, आमचे शिंदे साहेब, कागदं घेऊन मी, आणि भिंतीला लागून उभे आण्णा, सरदार आणि तुकाराम. तपासनीस साहेबांनी आपला मुद्दा नीट मांडला, त्यात चिडचिड नव्हती. मग आण्णांना विचारलं की तुम्ही इतकी वर्षं भत्ता न घेता काम केलं, बरोबर? आण्णा म्हणाले, बरोबर. मग भत्त्याशिवाय काम होतं, असंच ना? सरदार जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, आता आण्णा नेहमीसारखे 'व्हय' म्हणून मोकळे होणार आणि सगळं संपणार.

"माझं चुकलं, साहेब," आण्णा म्हणाले. "हा भत्ता जेवणाचा हाय असं मी धरून चाललो. तो भुकेचा हाय. भूक मला बी लागत हुती, रोज लागत हुती. ती मी माझ्या धर्माला दिली. बोर्डाला दिली न्हवती."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण कोपऱ्यातल्या शिपायालाही ऐकू गेला असेल. मग त्यांनी तुकारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की माझ्या उपासाचा वाटा ह्या माणसानं का उचलायचा. मी आता सही करतो, आणि तो भत्ता जेवूनच घेईन. फक्त जेवण दिवस मावळायच्या आत द्या. सगळ्यांना द्या. उजेड असताना माणूस जेवला तर उजेडात झुला तपासतो, आणि पोटात काही असलं तर वरचं डोकं ठिकाणावर राहतं.

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी कागद चाळायचं नाटक केलं. तपासनीस साहेबांनी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. आण्णा म्हणाले, आधी मलाच कळलं न्हवतं. साहेब हसले. मनापासून हसले. त्यांनी आपला शेरा मागे घेतला. स्वतःच्या हातानं लिहिलं की भत्ता पूर्ववत चालू ठेवावा. जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरवायचं काम कार्यकारी अभियंत्यांचं होतं. त्यांनी ते केलंच, आणि पुढच्या ठेक्याच्या अटींत कंत्राटी माणसांचं जेवणही घातलं. सगळं काही त्या एका दिवसात सुधारलं असं नाही. कंत्राटी माणूस कंत्राटीच राहिला, वेतनश्रेणीचं आणि त्याचं भांडण अजून चालू आहे आणि ते संपेपर्यंत आमची डोकी दुखणार आहेत. पण जेवण मात्र आलं.

परत येताना एसटीत सरदार आण्णांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. कोडोलीचा फाटा आल्यावर सरदार म्हणाला की पुढच्या रमजानला माझी पंचाईत होणार, तुम्ही सगळे माझ्यासमोर दिवसाउजेडी जेवणार. आण्णा म्हणाले, मग स्विचपाशी तू थांब, रीत तीच.

त्यानंतर आमच्या शाखेत एक नवा शब्द रूढ झाला. संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीला सगळे 'आण्णांची वेळ' म्हणायला लागले. जैन असो, मुसलमान असो, तांबड्या रश्शाशिवाय न जेवणारा असो, दिवस कलला की सगळे खाली उतरून रस्त्याच्या कडेला पंगत मांडायचे. आण्णाही आता भत्ता घेत होते, आणि भत्ता घेतला म्हणून दुपारी पोटभर जेवलेले असले तरी पंगतीत बसून चार घास खायचेच. भत्त्याला जागायचं म्हणजे जागायचं. पद्माक्कांच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या दोन वर्षांत त्यांचं पोट सुटलं, आणि गणवेशाची बटणं लावताना पहिल्यांदा बोर्डाचा राग यायला लागला.

पुढे आण्णा प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बोलायचा फार आग्रह झाला. ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि घड्याळाकडं बघून म्हणाले की जेवणं आटपा, दिवस चाललाय. तेवढंच भाषण. माझीही नंतर कोल्हापूर शहरातल्या कार्यालयात बदली झाली. आता गडमुडशिंगीहून रोज टाउन हॉलच्या बाजूला जाते आणि खांबावरची माणसं फक्त बसच्या खिडकीतून दिसतात.

गेल्या हिवाळ्यात माहेरच्या एका लग्नाला कोडोलीकडे गेले होते. परतताना बस एका वळणावर थांबली. पुढं बैलगाड्या उसाच्या. बाजूच्या शेतात लाइनचं काम चाललं होतं. खांबावर तुकाराम होता. मी त्याला पाठीवरून ओळखलं. आणि खाली रस्त्याच्या कडेला पांढऱ्या टोपीत, धोतरात, तीच जुनी सायकल हाताशी धरून आण्णा उभे होते. कुठला भत्ता नाही, कुठली श्रेणी नाही. सहज वाटेनं जाताना थांबलेले असणार. सायकलच्या दांडीला डबा अडकवलेला होता.

मी खिडकीतून हाक मारणार होते. तेवढ्यात त्यांनी पश्चिमेकडं बघितलं, मग वर बघितलं. आवाज माझ्यापर्यंत आला, म्हणजे आयुष्यात एकदा का होईना आण्णा मोठ्यानं बोलले.

"तुकाराम, खाली ये की. जेवून चढ."

वर थोडंसंच काम उरलं असावं. एक जंप, फार तर दोन. तुकारामनं हातातली पक्कड कमरेच्या पिशवीत घातली, झुला सोडवला आणि पायरी पायरीनं उतरायला लागला. स्विचपाशी उभा असलेला माणूस जागचा हलला नाही. आमची बस सुटली तेव्हा आण्णा सायकल स्टँडवर लावून डबा सोडत होते, आणि सूर्य अजून उसाच्या तुऱ्यांवर होता.